हट्टी कप्तान आणि त्याचा जामीनदार

कायदा सोयीचा असतो तोवर तो पाळण्यास फारसे धैर्य लागत नाही. त्याच कायद्याने जेव्हा स्वतःचे, स्नेह्यांचे अथवा वरिष्ठांचे नुकसान होऊ लागते, तेव्हा माणसाची खरी परीक्षा होते. इंग्लंडचा विख्यात आरमारी सेनापती होरेशिओ नेल्सन याचे नाव ट्रॅफल्गारच्या लढाईमुळे जगभर झाले. परंतु त्या लढाईच्या वीस वर्षे आधी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्याने रणांगणाबाहेर एक झगडा दिला होता. तो झगडा मालाचा, जकातीचा, परवान्यांचा आणि हिशेबाच्या कागदांचा होता. म्हणूनच व्यापारी घराण्यांनी तो विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. त्यात एका बाजूस एकाकी तरुण कप्तान होता, दुसऱ्या बाजूस बेटांवरील जवळजवळ सारा धनिक वर्ग होता, आणि या दोहोंच्या मध्ये एक असा गृहस्थ उभा राहिला की ज्याने स्वतःचे नुकसान सोसून त्या कप्तानाला आधार देऊ केला.

नेल्सनचा जन्म २९ सप्टेंबर १७५८ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील बर्नहॅम थॉर्प या लहानशा खेड्यात झाला. वडील एडमंड नेल्सन हे गावचे धर्मोपदेशक. अकरा भावंडांत होरेशिओ सहावा. घरात शिक्षण होते, कुलीनता होती. पण पैसा बेताचाच. तो नऊ वर्षांचा असताना आई वारली आणि आठ हयात मुलांचा भार वडिलांवर पडला. मामा मॉरिस सकलिंग आरमारात कप्तान होते. त्यांना एका युद्धनौकेवर नेमणूक मिळाल्याचे कळताच या बारा वर्षांच्या मुलाने आपल्याला मामांकडे पाठवावे असा वडिलांजवळ हट्ट धरला. मुलाची प्रकृती अगदीच नाजूक. एवढ्या भावंडांतून नेमके या अशक्त पोरालाच समुद्रावर हाल सोसायला का धाडता, असे मामांनी थट्टेने विचारले. तथापि त्याला ठेवून घेण्याचे कबूलही केले.

१७७१ च्या प्रारंभी मुलगा एकटाच चॅटम बंदरावर पोहोचला. मामा तेव्हा नौकेवर नव्हते, आणि या मुलाची तेथे कुणालाच कल्पना नव्हती. कडाक्याच्या थंडीत तो कितीतरी वेळ गोदीवर भटकत राहिला. अखेर एका अधिकाऱ्याला दया आली. त्याने मुलाला घरी नेऊन जेवू घातले आणि नौकेपर्यंत पोहोचवले. पुढे ज्याच्या नावाने आरमारे हादरली, त्याचा आरमारातील पहिला दिवस असा उपाशी आणि अनोळखी गेला.

त्याचे खरे शिक्षण मात्र युद्धनौकेवर सुरू झाले नाही. नदीच्या मुखाशी नांगरून ठेवलेल्या नौकेवर मुलगा काय शिकणार, असा विचार करून मामांनी त्याला वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर पाठवले. लंडनच्या एका पेढीच्या मालाची ने-आण करणाऱ्या त्या जहाजाचा कप्तान जॉन रॅथबोन पूर्वी मामांच्या हाताखाली काम केलेला होता. व्यापारी जहाजावर माणसे मोजकी, काम अमाप. तेथे शिडे गुंडाळणे, दोर ओढणे, सुकाणू धरणे, माल रचणे हे सारे हातांनी करावे लागे. वर्षभराने मुलगा परतला तो तयार खलाशी होऊन. पण त्याचबरोबर शाही आरमाराविषयी मनात अढी घेऊन. आरमारातील साध्या खलाशांचे हाल त्याने त्यांच्याच तोंडून ऐकले होते. ही अढी निघण्यास बरेच आठवडे लागले. खलाशांची बाजू समजून घेण्याची जी वृत्ती पुढे त्याच्यात दिसली, तिचे बीज व्यापारी जहाजावरील त्या वर्षात रुजले होते.

१७७३ मध्ये तो उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेत सामील झाला. जहाजे बर्फात अडकली आणि सुदैवानेच सुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'सीहॉर्स' नावाच्या नौकेवरून तो हिंदुस्थानाकडे निघाला. मद्रास, सिंहलद्वीप, मलबारचा किनारा आणि मुंबई ही सारी ठिकाणे त्याने पाहिली. लवजी वाडियांच्या देखरेखीखाली वाढलेल्या गोदीमुळे मुंबई तेव्हा जहाजांच्या डागडुजीचे मोठे ठाणे बनली होती. इंग्रज कंपनी आणि मराठे यांच्यात पहिल्या युद्धास तोंड फुटले होते, आणि कंपनीच्या मालवाहू जहाजांना संरक्षण देत 'सीहॉर्स' पश्चिम किनाऱ्यावर फेऱ्या मारीत होती. या हवेत नेल्सनला हिवतापाने गाठले. जगण्याची आशा उरली नाही. १७७६ मध्ये 'डॉल्फिन' या नौकेवरून त्याला मुंबईहून मायदेशी परत धाडण्यात आले. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात या सतरा वर्षांच्या मुलाला आपले पुढे काहीच होणार नाही असे वाटू लागले होते. ना धन, ना वशिला, आणि आता शरीरही खंगलेले. त्या निराशेच्या तळाशी असतानाच एके दिवशी मन अकस्मात उजळले आणि दैवावर हवाला ठेवून प्रत्येक संकटास तोंड द्यायचे असा निश्चय झाला, असे त्याने पुढे आपल्या स्नेह्यांना सांगितले.

९ एप्रिल १७७७ रोजी तो लेफ्टनंटच्या परीक्षेस बसला. परीक्षक मंडळात खुद्द मामा होते. भाचा उत्तीर्ण झाल्यावरच त्यांनी आपले नाते इतर परीक्षकांना सांगितले, अशी आख्यायिका आहे. मामांच्या वजनाचा उपयोग नेल्सनला झाला नाही असे म्हणता येणार नाही. त्या काळी वशिल्यावाचून आरमारात पान हालत नसे. मात्र मिळालेल्या जागेवर तो टिकला तो स्वतःच्या कर्तबगारीने. १७७९ मध्ये, वयाची २१ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो कप्तान झाला. पुढच्याच वर्षी मध्य अमेरिकेतील एका मोहिमेत तापाने त्याच्या नौकेवरील बहुतेक माणसे दगावली आणि तो स्वतः जेमतेम वाचला.

१७८४ मध्ये 'बोरियास' या २८ तोफांच्या नौकेचा कप्तान म्हणून त्याची नेमणूक वेस्ट इंडीजच्या लीवर्ड बेटांवर झाली. नौकेवर सुमारे तीस उमेदवार मुले होती. त्यांतील एखादे पोर उंच डोलकाठीवर चढायला भ्याले तर नेल्सन त्याला रागावत नसे. आपण शर्यतीने वर जाणार आहोत, तेथे आपली भेट व्हावी, एवढेच तो म्हणे आणि स्वतः चढू लागे. वर पोहोचल्यावर त्या मुलाशी हसून बोले. दररोज मुलांच्या वर्गात जाऊन त्यांचे गणित आणि नौकानयनाचे धडे पाहण्याचा त्याचा नेम होता. आधी आपण करून दाखवायचे, मग दुसऱ्याला सांगायचे, ही त्याची रीत होती. पुढील प्रकरणातही ती दिसून आली.

ते प्रकरण असे. अमेरिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या होत्या. इंग्लंडच्या नौकानयन कायद्यानुसार ब्रिटिश बेटांशी व्यापार करण्याचा अधिकार केवळ ब्रिटिश जहाजांना होता. अमेरिकन जहाजे आता परकी ठरल्याने त्यांना तेथे माल उतरवता येत नव्हता. बेटांची अडचणही खरी होती. तेथे सारी जमीन उसाखाली. लाकूड, पीठ, मक्याचे धान्य, खारवलेले मासे, जनावरे हे सर्व पिढ्यानपिढ्या अमेरिकेतून येई आणि बदल्यात रम व काकवी जाई. हा व्यापार थांबला तर भाव वाढणार, हे उघड होते. म्हणून एक पळवाट निघाली. अमेरिकन जहाज बंदरात येई, कप्तान जकात कचेरीत जाई, आपली डोलकाठी मोडली आहे किंवा तळाला गळती लागली आहे असे शपथेवर सांगे आणि दुरुस्तीच्या खर्चापुरता माल विकण्याची परवानगी मिळवी. पुढे सगळाच माल विकला जाई. जकातीचे अधिकारी डोळेझाक करीत, गव्हर्नर कानाडोळा करीत, आणि आरमाराचे तेथील प्रमुख ॲडमिरल सर रिचर्ड ह्यूज यांनाही कुणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता.

नेल्सनने कायदा उघडून वाचला आणि तो अमलात आणण्यास सुरुवात केली. त्याचा मित्र कथबर्ट कॉलिंगवुड व त्याचा भाऊ विल्फ्रेड हे दोघे कप्तान त्याच्या बाजूस होते. बेटांवर गहजब उडाला. तेव्हा ॲडमिरलसाहेबांनी हुकूम काढला की गव्हर्नरची संमती असेल तर परक्या जहाजांना अडवू नये. नेल्सनपुढे पेच पडला. हुकूम मानावा तर कायदा मोडतो, कायदा पाळावा तर हुकूम मोडतो. आरमारात वरिष्ठाचा हुकूम मोडणे म्हणजे लष्करी न्यायालय आणि कदाचित कारकिर्दीचा अंत. पार्लमेंटचा कायदा स्थगित करण्याचा अधिकार ॲडमिरललाही नाही, असे त्याने लेखी कळवले. गव्हर्नर सर टॉमस शर्ली यांनी, वयोवृद्ध सेनाधिकारी पोरसवद्यांचा सल्ला घेत नसतात, असा टोमणा मारला. आपण इंग्लंडच्या पंतप्रधानांच्याच वयाचे आहोत, आणि ते राज्य चालवण्यास जितके लायक आहेत तितकेच आपण नौका चालवण्यास आहोत, असे उत्तर नेल्सनने दिले. पंतप्रधान धाकटे पिट खरोखरच त्याच्याहून काही महिन्यांनी लहान होते!

१७८५ च्या मे महिन्यात नेव्हिस बेटाजवळ त्याने खोटे झेंडे व खोटी कागदपत्रे बाळगणारी चार जहाजे पकडली. माल बेटावरील व्यापाऱ्यांनी मागवलेला होता. त्यांनी वर्गणी जमवून जहाजांच्या कप्तानांकरवी नेल्सनवर फिर्याद ठोकली. नुकसानभरपाईची मागणी होती ४०,००० पौंडांची. नेल्सनचे साऱ्या आयुष्याचे वेतनही त्यापुढे नगण्य ठरले असते. किनाऱ्यावर पाऊल टाकताच अटक होणार हे निश्चित होते. त्यामुळे सुमारे आठ आठवडे तो आपल्याच नौकेवर कैद्यासारखा राहिला. बेटावरील घरांची दारे त्याला बंद झाली. एका अधिकाऱ्याने त्याच्याविषयी कीव व्यक्त केली तेव्हा तो उसळून म्हणाला की कीव नको, एक दिवस लोक आपला हेवा करतील.

याच वेळी नेव्हिसच्या कौन्सिलचे अध्यक्ष जॉन हर्बर्ट पुढे आले. हर्बर्ट हे मोठे मळेवाले, बेटावरील अग्रगण्य धनिक. अमेरिकन माल थांबल्याने त्यांचे नुकसान इतर कुणाहून कमी नव्हते. तरीही कप्तानाने अटक पत्करायची ठरवली तर आपण त्याला १०,००० पौंडांचा जामीन राहू, असे त्यांनी जाहीर केले. तरुणाने केले ते आपले कर्तव्य होते, त्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्याबरोबर रोजची ऊठबस, ज्यांच्याशी देवघेव, त्या आपल्याच मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. हर्बर्ट यांची भाची फ्रान्सिस निस्बेट हिच्याशी नेल्सनचा पुढे ११ मार्च १७८७ रोजी विवाह झाला. तेव्हा त्यात आपलेपणाचाही अंश असेल. परंतु नातेसंबंधासाठी माणसे गोड बोलतात. १०,००० पौंडांवर सही करण्यास सहसा धजत नाहीत.

न्यायाधीशांच्या संरक्षणाखाली नेल्सन न्यायालयात हजर राहिला. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि चारही जहाजे जप्त झाली. त्याने थेट राजाकडे अर्ज केला होता. त्याचा बचाव सरकारी खर्चाने व्हावा असा आदेश लंडनहून आला. मात्र व्यापाराचे रक्षण केल्याबद्दल सरकारी खजिन्याकडून आभाराचे पत्र आले ते ॲडमिरल ह्यूज यांच्या नावे! ज्यांनी वाटेत काटे पेरले, त्यांनाच फुले मिळाली. नेल्सनला हे फार लागले.

दुसरा प्रसंग तर पेढीवरच्या माणसाला सहज उमजेल असा आहे. आरमारासाठी बेटांवर दोर, लाकूड, अन्नसामग्री यांची खरेदी होई. बिलांवर कप्तानाची सही लागे. भाव खरा असल्याचा पुरावा काय, तर दोन-तीन स्थानिक व्यापाऱ्यांचे 'हाच बाजारभाव आहे' असे प्रमाणपत्र. नेल्सनने सही करण्यापूर्वी मूळ पावत्या मागितल्या. अशी प्रथा नाही, असे त्याला वरून सुनावण्यात आले. १७८७ मध्ये अँटिग्वातील दोन व्यापारी त्याच्याकडे आले. त्यांतील एक जण पूर्वी अशाच एका पुरवठादाराचा भागीदार होता आणि जुन्या हिशेबवह्या त्याच्या ताब्यात होत्या. सरकारला वर्षानुवर्षे कसे लुबाडले गेले हे त्यांनी वहीतील नोंदींनिशी दाखवून दिले. नेल्सनने रात्री जागून ते कागद तपासले आणि लंडनच्या कचेऱ्यांना पत्रामागून पत्र लिहिले. चौकशी मुंगीच्या पावलांनी चालली. लिहिणाऱ्याची पत मात्र झपाट्याने घसरली. कटकटी माणूस, असा शिक्का त्याच्यावर बसला.

१७८७ च्या अखेरीस 'बोरियास' परतली आणि तिचा खलाशीवर्ग मोकळा करण्यात आला. पुढील पाच वर्षे नेल्सनला नौका मिळाली नाही. अर्ध्या वेतनावर तो पत्नीसह वडिलांच्या घरी, त्याच बर्नहॅम थॉर्पला, बागेत खणीत आणि नकाशे वाचीत बसला. एकदा तो तट्टू विकत घेण्यासाठी जत्रेस गेला असता दोन माणसे घरी येऊन पत्नीच्या हाती नोटीस देऊन गेली. अमेरिकन कप्तानांनी पुन्हा फिर्याद केली होती, या वेळी २०,००० पौंडांची! तट्टू घेऊन आनंदाने परतलेल्या नेल्सनला ती नोटीस पाहून देश सोडून जाण्याचा विचार सुचला. सरकारने पाठीशी राहण्याचे आश्वासन दिले तेव्हा कोठे तो शांत झाला. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच त्याला 'अगामेम्नॉन' ही ६४ तोफांची नौका मिळाली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. एक डोळा गेला, उजवा हात गेला, आणि २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईत विजयाच्या क्षणी प्राणही गेला.

या चरित्राचे एक पान काळे आहे, आणि ते उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या साखरेसाठी हा सारा व्यापार चाले, ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांतून निर्माण होई. अमेरिकन धान्य थांबले तेव्हा मळेवाल्यांच्या नफ्यास खोट आली, पण गुलामांच्या पोटास चिमटा बसला. त्या वर्षांतील वादळे आणि धान्याचा तुटवडा यांमुळे जमैकात हजारो गुलाम उपासमारीने मेल्याचे तेथील विधिमंडळानेच नमूद केले आहे. नेल्सनच्या कायद्याच्या पुस्तकात या माणसांसाठी ओळच नव्हती, आणि त्याने ती शोधलीही नाही. उलट १८०५ मध्ये जमैकातील एका मळेवाल्यास लिहिलेल्या पत्रात त्याने गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्यांचा निषेध केला. उदार जामीनदार हर्बर्ट यांची संपत्तीही त्याच श्रमांतून आलेली होती. खोटी पावती ज्याला सहन होत नव्हती, त्याला साखळदंडातील माणूस दिसला नाही.

जैन आचार्यांनी श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्याबरोबरच 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही एक आहे. म्हणजे राज्याने घातलेली व्यापाराची मर्यादा ओलांडून लाभ मिळवणे. डोलकाठी मोडल्याची खोटी शपथ घेऊन माल उतरवणारा कप्तान आणि तो माल मुकाट्याने वखारीत भरून घेणारा व्यापारी या दोघांनाही हा शब्द तंतोतंत लागू पडतो. 'सगळेच तसे करतात' आणि 'साहेबांची हरकत नाही' ही दोन समर्थने तेव्हाही होती आणि आजही प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येतात. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने ती दोन्ही नाकारली, आणि त्याची किंमत आठ आठवड्यांच्या कोंडीने व पाच वर्षांच्या बेकारीने मोजली.

पण तोच आचार अचौर्याच्याही आधी अहिंसेला स्थान देतो. हिशेब चोख असला म्हणजे धंदा निर्दोष झाला असे होत नाही. तो माल कुणाच्या घामावर आणि कुणाच्या अश्रूंवर उभा आहे, हेही पाहावे लागते. कप्तान नेल्सनने वहीतला प्रत्येक आकडा तपासला. वहीत ज्यांची नावे माणसे म्हणून नव्हे तर मालमत्ता म्हणून लिहिलेली होती, त्यांच्यापाशी मात्र त्याची नजर थांबली नाही. नव्या पिढीच्या हाती पेढीची किल्ली देताना त्याच्या हट्टाची आणि हर्बर्ट यांच्या जामिनाची गोष्ट जरूर सांगावी. आणि ती सांगून झाल्यावर, मळ्यातल्या त्या निनावी माणसांचीही सांगावी.